बिनगाठीचं गाठोडं

सुचित्राला बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. अजमानच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये गणपतीची आरती चालू असली की ही मागच्या मागे कुणाच्या तरी निऱ्या सारख्या करत असायची. जेवायला बसली की पहिली पोळी संपायच्या आत दोनदा उठायची, एकदा मीठ आणायला आणि एकदा ते जागेवर ठेवायला. सुरेश, तिचा नवरा, आल्यागेल्याला सांगायचा, "ही स्वस्थ बसली की मला धसका बसतो. आधी कपाळाला हात लावून बघतो, ताप तर नाही ना."

या अस्वस्थपणाला इथल्या जगण्याचीच फूस होती. लग्न करून ठाण्याहून निघाली ती 'थोड्या वर्षांसाठी'. आधी शारजातलं रोला, मग नाहदा, मग तिथलं भाडं झेपेना म्हणून अजमान. घर बदललं की बोचकी बांधायची, नव्या घरी अर्धी सोडायची आणि अर्धी तशीच कपाटावर चढवायची. समई, तांब्याची कळशी, आईने शिवलेली वाकळ. "इथे कशाला काढायचं? जायचंच आहे परत." हे म्हणता म्हणता शुभ्रा इथेच जन्मली, इथेच दहावीत गेली आणि आईशी इंग्रजीत वाद घालायला लागली, पण कपाटावरची बोचकी काही खाली आली नाहीत.

ती सुटण्यासारखीही नव्हती म्हणा. सुचित्राची गाठ म्हणजे गाठ. आईने शिकवलेली, ओढाल तेवढी आवळत जाणारी. सामान हलवायला येणारे पठाण तिच्या गाठीपुढे हात टेकायचे आणि सरळ सुरी काढायचे. तिला त्याचा अभिमान होता. बांधलेलं सुटता कामा नये, एवढं एक तत्त्व तिने आयुष्यात धरून ठेवलं होतं.

सुरेश दुबईत रास अल खोरला एका कोरियन साहेबांच्या गोडाऊनमध्ये स्टोअर सांभाळायचा. हानसाहेबांचा धंदा कोरियन गाड्यांच्या सुट्या भागांचा. त्यांच्याकडच्या सुगीच्या सणाला दरवर्षी स्टाफला नासपतीची पेटी मिळायची, एकेक फळ लहान नारळाएवढं आणि पेटी कापडात बांधलेली. बाकीच्यांनी नासपती खाल्ली आणि कापडाने गाड्या पुसल्या. सुचित्रा मात्र कापड घेऊन खिडकीशी गेली. रंगीत चिंध्या जोडून केलेला चौकोन होता तो, बोटाएवढ्याही चिंध्या होत्या त्यात. उजेडात धरला तर जोडांच्या रेघा चमकत होत्या. तिने तो उलटला, पुन्हा उलटला.

"अहो, याची उलटी बाजू कुठाय?"

"मी पार्ट्सचा माणूस," सुरेश म्हणाला. "बंपरला उलटी बाजू असते, एवढं सांगू शकतो."

आईच्या वाकळीला सुलटी बाजू असायची आणि मागे दोऱ्यांचं जंजाळ. याला मागे नव्हतंच. दोन्हीकडून सारखंच देखणं. पुढचे दोन दिवस तिने चिमटीत धरून, ओढून, सुईच्या टोकाने उचकटून त्या शिवणीचा छळ मांडला. शेवटी तिला कळलं, चिंध्यांच्या कडा एकमेकींच्या पोटात दुमडून आत कोंडल्या होत्या. मग तिने ते कापड धुतलं, इस्त्री केलं, त्यात बेसनाचे लाडू बांधले आणि सुरेशच्या हाती परत पाठवलं. आलेलं भांडं रिकामं पाठवू नये, मग कापड तरी कसं पाठवायचं?

हानबाईंना आजवर कुणी कापड परत पाठवलं नव्हतं. चार दिवसांत ते पुन्हा आलं, त्यात वाळवलेल्या फळांच्या चकत्या. सुचित्राने चकल्या पाठवल्या. तिकडून तिळाच्या वड्या आल्या. सुरेश वैतागला, म्हणाला, मी स्टोअर इनचार्ज आहे की रुखवत वाहणारा गडी? एके दिवशी कापडातून खाऊ आला नाही, निरोप आला. बायकोला घेऊन ये.

गोडाऊनच्या माडीवर हानबाईंची शिवणाची खोली होती. खाली ग्रीस, रबर आणि फोर्कलिफ्टची कर्कश पिपाणी, वर रेशीम. हानबाई साठीच्या, ठेंगण्या, इतकी वर्षं आखातात काढून इंग्रजी, हिंदी आणि अरबी यांची एकच खिचडी बोलणाऱ्या. या कापडाला त्या बोजागी म्हणायच्या. त्यांच्या आजीच्या घरी पिशवी नव्हतीच. अंथरूण बोजागीत, पुस्तकं बोजागीत, ताटावर झाकायलाही बोजागी, तिला मधोमध एक इवलीशी फीत, चिमटीत धरून उचलायला. काम झालं की घडी, आणि घडी बाहीत. पेटी म्हणते, माझ्यात मावेल तेवढंच आण. कापड म्हणतं, तुझ्याकडे काय आहे ते तर दाखव. हे त्यांनी अर्धं हातवाऱ्यांनी सांगितलं आणि सुचित्राला पूर्ण कळलं, कारण त्यांचं वाक्य संपायच्या आत तिने सुई ओवून घेतली होती.

तिथेच दोघींचं वाजायचं. सुचित्राचे हात पुढे धावायचे, हानबाई चष्म्यावरून बघायच्या आणि सगळी शिवण उसवायला लावायच्या. हानबाई पहिला मराठी शब्द शिकल्या तो 'हळू'. तरी सुचित्रा जात राहिली. आठवड्यातून दोन सकाळी ती सुरेशच्या गाडीत बसून यायची, आणि त्या शिवणीवर कधीकधी पाऊण तासभर तिला पाय हलवायची आठवण राहायची नाही. असं दुसरं कुठेच होत नव्हतं. हे तिने कुणाला सांगितलं नाही, सुरेशलाही.

मग हानबाईंच्या मुलाचं, जिहोचं, लग्न ठरलं. मुलगी सोरा, अबू धाबीची. तिचे वडील मुसफ्फात एका फॅब्रिकेशन कंपनीत इंजिनियर. लग्नाआधी वराच्या आईने वधूच्या घरी पेटी पाठवायची, अशी त्यांची रीत. तिला ते हाम म्हणतात. पेटीत लाल-निळं रेशीम, लग्नाचं पत्र आणि पाच छोट्या पिशव्यांतून धान्य, कडधान्य, सरकी. सुचित्रा म्हणाली, म्हणजे ओटीच की. पेटीवर लाल-निळी बोजागी चढवायची. ती दोघींनी मिळून शिवली होती, आणि शेवटच्या कडा एकट्या सुचित्राने, कारण हानबाई बाथरूममध्ये घसरल्या आणि त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला.

पेटी पाठवायच्या दिवशी हानबाईंच्या घरी सोलहून आलेल्या पाहुण्यांची जत्रा होती, म्हणून बांधाबांध माडीवर ठरली. सकाळी हानबाईंनी सगळं मांडून दिलं. कापडाची चार टोकं वर आणून दुमडायची आणि त्यावर सरकवायला कागदाचा एक पट्टा, त्यावर शाईने दोन अक्षरं.

"नो टाय," त्या म्हणाल्या. "जस्ट होल्ड. पेपर होल्ड. व्हाय, बिकॉज..."

"येस मॅडम, येस," म्हणत सुचित्रा दुमडायला लागलीसुद्धा.

हानबाई केस सेट करायला सलूनमध्ये गेल्या. परत आल्यावर स्वतः बघणार होत्या. पण ट्रॅफिकच्या आधी निघू म्हणून जिहो आणि त्याचा मित्र मिन्सू वेळेआधीच येऊन खाली हॉर्न वाजवायला लागले. हॉर्न वाजला की सुचित्राच्या अंगात वारं भरतं. तिने घाईने पट्टा सरकवला. तो फाटला. तिने कापड चार बोटांत धरून पाहिलं. रेशीम ते, सळसळत खाली घसरलं. पायऱ्यांवर उघडलं तर? गाडीत उघडलं तर? खालून यल्ला यल्ला, चला चला, चालूच. मग तिने जे केलं ते विचार करून केलं नाही, आईच्या हातांनी केलं. समोरासमोरची टोकं धरली आणि गाठ मारली. मग दुसरी दोन. आणि लग्नाचंच आहे म्हणून पर्समधून आदल्या आठवड्याच्या हळदीकुंकवातली सुपारी आणि हळकुंड काढून वरच्या गाठीत घातलं. वधूवरांच्या शेल्या-उपरण्याच्या गाठीत घालतात तसं. वर एक हिसका. आता ही गाठ जन्मात सुटत नाही, असं मनाशी म्हणून तिने पेटी मिन्सूच्या पाठीवर दिली, आणि त्याने ती पांढऱ्या सुती पट्ट्याने अंगाशी बांधून घेतली.

हानबाई आल्या तेव्हा टेबलावर फाटका पट्टा पडला होता. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

"देन हाऊ होल्ड?"

"आय टाइड," सुचित्रा अभिमानाने म्हणाली. "व्हेरी टाइट."

हानबाई खुर्चीवर बसल्या. सकाळी अर्धं राहिलेलं वाक्य त्यांनी आता पुरं केलं, सावकाश, एकेक शब्द. लग्नाच्या बोजागीला गाठ मारत नाहीत. गाठ म्हणजे संसारातला गुंता. पेटी सहज उघडावी, तसं मुलांचं आयुष्य सहज उघडत जावं, म्हणून नुसतं धरायचं. जिहो हसेल. सोरा हसेल. सोराची आई हसणार नाही. ती शिनबाई जुन्या वळणाची आहे, आणि हे लग्न तिला आधीच घाईचं वाटतंय.

 फोन करा, सुचित्रा म्हणाली. हानबाईंनी नकारार्थी मान हलवली. मुलाला कळायला नको, आणि ते दोघे गाठ सोडायला गेले तर पेटीच उलटी करतील. वराच्या आईने पेटीमागून जायचं नाही, तीही रीत. तरी त्यांनी डाव्या हाताने जिहोला फोन लावला, वाटेत थांबा, नीट जेवा, एवढंच कोरियनमधून सांगितलं. मग सुचित्राकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "यू गो. ओपन."

सुरेशला तिने खालून बंपरांच्या रांगेतून खेचूनच काढलं. गाडी हायवेला लागेपर्यंत त्याला काही कळलं नाही आणि कळल्यावर त्याने एकदम आवाज खाली आणला, जणू मागच्या सीटवर साहेब बसलेत.

"मालकाच्या मुलाच्या लग्नात अपशकुन. आणि केला कुणी, तर स्टोअर इनचार्जच्या बायकोने."

"आपल्यात गाठच मारतात."

"आपल्यात. त्यांनी तुला सांगितलं होतं ना?"

"सांगत होत्या."

"आणि तू?"

सुचित्राने समोरचा खण उघडला, त्यातले कागद सारखे केले, खण बंद केला. काच खाली केली, वर केली. सीटचा पट्टा ओढून पाहिला. "अगं, गाडी मी चालवतोय," सुरेश म्हणाला, "तू कशाला ब्रेक दाबतेस?" तिने पाय वर घेतले. वाळवंट खिडकीबाहेर सपाट पळत होतं आणि कॅमेऱ्यांच्या धाकाने सुरेश काटा एका जागी धरून बसला होता. शुभ्राचा फोन आला, घरात खायला काय आहे विचारायला. सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, "सो यू टाइड अ नॉट. इट्स अ बॉक्स, मम्मा."

"हो गं. बॉक्सच आहे," सुचित्रा म्हणाली आणि फोन ठेवला.

अपशकुनाचं तिला खरं तर एवढं नव्हतं. त्या माडीवर पुन्हा बोलावणं येईल का, एवढंच डोक्यात घुमत होतं. ज्या बाईचं वाक्य तू संपू देत नाहीस, तिने तुला सुई का द्यावी?

बऱ्याच वेळाने सुरेश आपणहून म्हणाला, "आपल्या लग्नात तुझ्या आईने मारलेली गाठ आठवते? पंक्तीत तसेच जेवायला बसलो होतो. तू वाढायला उठायला बघत होतीस, मी बसायला."

"नवरीला कोण वाढायला सांगतं?"

"तेच तर सगळे तुला सांगत होते."

ती हसली नाही, पण तिने खणाला पुन्हा हात लावला नाही.

मुसफ्फाला पोचले तेव्हा सूर्यास्ताची, मगरिबची बांग होत होती. शिनबाईंच्या बिल्डिंगची लिफ्ट उघडली आणि आवाजच आधी अंगावर आला. "हाम घ्या, हाम!" अशा अर्थाचं काहीतरी मिन्सू कोरियनमधून बेंबीच्या देठापासून ओरडत होता. त्याच्या तोंडावर वाळवलेल्या माकुलाचा, म्हणजे अख्ख्या स्क्विडचा, मुखवटा होता, डोळ्यांना भोकं पाडलेला. त्या वासाने एक मल्याळी बाई दारात नाक धरून आणि मोबाईल उंचावून उभी होती. समोर वधूकडचे काका-मामा पाकिटं दाखवून त्याला दाराकडे चुचकारत होते. एक पाकीट, एक पाऊल. आपल्याकडे कानपिळ्या मेव्हणा करतो तसला खेळ. पाठीवर लाल पेटी, आणि वर सुचित्राची गाठ, मूठभर, मस्त फुगलेली.

"आंटी?" जिहोने तिला पाहिलं. ती म्हणाली, गंमत बघायला आले. म्हणत म्हणत ती मिन्सूच्या मागे जाऊन उभीही राहिली.

गाठ आणखी आवळली होती. नखं लावली तर रेशीम निसटायचं आणि तेवढ्यात मिन्सू एक पाऊल पुढे सरकायचा. दार आता हातभरावर आलं होतं. सुचित्राने त्याचा शर्ट धरला.

"स्टॉप. नो गो."

मिन्सूला वाटलं वरपक्षाला कुमक आली. त्याने आनंदाने आरोळी ठोकली, आंटी नको म्हणतेय, आंटीला परवडत नाही, आणि तिथेच फरशीवर फतकल मारली. सगळा मजला हसला. काका कपाळाला हात लावून आणखी पाकिटं आणायला आत गेले.

सुचित्रा त्याच्यामागे गुडघ्यांवर बसली. सुरेश तिच्यापुढे पसरून उभा राहिला, आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या पोटाचा उपयोग झाला. तिने गाठीला दात लावले. माकुलाचा वास, रेशमाची चव, मग कडवट हळद. वरची गाठ सैल झाली. हळकुंड पडलं, सुपारी तिच्या तळव्यात आली, आणि मागे टोकावर पिवळा डाग राहिला. खालची गाठ बोटांनीच सुटली. चारही टोकं मोकळी झाली आणि लगेच घसरायला लागली. तिने ती मुठीत पकडली.

मान वर केली तर समोर हिरव्या रेशमी पोशाखातली एक बाई वाकलेली. शिनबाई. त्या मिन्सूला हात देऊन उठवायला आल्या होत्या. त्यांनी सुपारी पाहिली, चुरगळलेली टोकं पाहिली, पिवळा डाग पाहिला.

"हू टाय?" अगदी हलक्या आवाजात.

"मी. हान मॅडम नाही. मी." सुचित्राच्या तोंडून मराठीच आलं, मग तिने इंग्रजी गोळा केलं. आमच्या लग्नात बांधतात. सुपारी घालून. टु स्टे टुगेदर.

 आत कुणीतरी सोराला हाक मारत होतं. शिनबाईंनी दाराकडे पाहिलं, पुन्हा मुठीकडे.

"नाऊ ओपन?"

"ओपन."

"देन होल्ड," शिनबाई म्हणाल्या, आणि सरळ उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं काहीतरी मिन्सूला सुनावून त्यांनी त्याचा कान धरला. हशा झाला. मिन्सू उठला.

मग ती वरात आत गेली. पुढे माकुलाचं तोंड, मागे मूठ वर धरून सुचित्रा, करवली कऱ्हा घेऊन नवरीमागे चालते तशी. पाठीवरचा पांढरा पट्टा एका ओढीत सुटला. लाल चवळी घालून वाफवलेल्या, शुभकार्यासाठी केलेल्या जाड तांदूळ-पोळीच्या भांड्यावर पेटी ठेवली गेली. कागदाचा पट्टा फाटलेला, गाठ नाही. कापडाला धरून ठेवायला उरला होता फक्त सुचित्राचा हात. ती पेटीमागे चवड्यांवर बसली.

जिहो नमस्काराला वाकला. पुरता वाकला, उठला, पुन्हा वाकला. सोराचे वडील काहीतरी बोलले, बरंच बोलले. दारातल्या चपला वेड्यावाकड्या पडल्या होत्या. टेबलावरचा एक पेला अगदी कडेला होता, आता पडेल, मग पडेल. सुचित्राच्या नाकावर खाज आली. तिच्या पायाला मुंग्या आल्या. वाफ मनगटाला लागत होती. वडिलांचं वाक्य संपता संपत नव्हतं आणि यावेळी ते संपेपर्यंत थांबण्यावाचून तिच्याकडे दुसरं काही काम नव्हतं. दारातून सुरेश बघत होता. त्याचा हात नकळत, कपाळाचा ताप बघायला निघाल्यासारखा, थोडा वर आला आणि तिथेच थांबला.

शिनबाईंनी तिच्या मुठीखाली हात दिला आणि होकारार्थी मान हलवली. सुचित्राने बोटं उघडली. कापड आपोआप चारी बाजूंना पडलं, कुणीही न ओढता. सोरा पुढे वाकली.

पेटी आत गेल्यावर शिनबाई तिच्याकडे आल्या आणि त्यांनी हात पुढे केला. सुचित्राला आधी कळलं नाही. मग तिने सुपारी त्यांच्या तळव्यावर ठेवली. "टु स्टे," शिनबाई म्हणाल्या, विचारल्यासारखं, आणि ती बाहीत टाकली. निघताना त्यांनी तीच लाल-निळी बोजागी सुचित्राच्या हातात दिली, हानबाईंना पोचवायला. रिकामी नाही, आत गरम तांदूळ-पोळी. टोकं नुसती एकमेकांत खोचलेली.

परतीच्या वाटेवर गाठोडं सुचित्राच्या मांडीवर होतं. ते घट्ट करावंसं तिला दोनदा वाटलं. तिने दोन्ही तळवे त्यावर ठेवले आणि हानबाईंना फोन लावला, स्पीकरवर.

पहिल्याच रिंगला तो उचलला गेला.

"सुटलं मॅडम," सुचित्रा मराठीतच म्हणाली. मग सगळं सांगितलं. डाग पडला तेही सांगितलं. हानबाईंनी विचारलं, पिवळं धुऊन जातं का?

"धुऊन नाही जात."

सुचित्राने तळव्याखालचं टोक सारखं केलं.

"उन्हात जातं," सुचित्रा म्हणाली. "पण रोज घालायला हवं. सावकाश जातं."

 हानबाई म्हणाल्या, उद्या सकाळी ये, गच्चीची किल्ली खाली स्टोअरमध्ये असते. आणि आणखी काहीतरी सांगायला लागल्या, बहुतेक रेशमाला ऊन कुठल्या वेळेचं चालतं ते, खिचडी भाषेत, लांबण लावून. सुरेशने एक्झिट कोणता घेऊ म्हणून विचारायला तोंड उघडलं. सुचित्राने हाताने त्याला थांबवलं आणि ऐकत राहिली.